क्लिअर अलाइनरने दात खरंच सरळ होतात का, आणि ते सांभाळायची कटकट किती असते?

तुमचा प्रश्न असा आहे की वय ३१, खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेत, डॉक्टरांनी तारा किंवा क्लिअर अलाइनर दोन्ही चालेल म्हणून निर्णय तुमच्यावर सोडलाय, आणि तुम्हाला भीती ही की एवढ्या पातळ प्लास्टिकने दात खरंच हलतात की नुसतंच खूळ आहे. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. अलाइनर म्हणजे दातांवर चपखल बसणारे पारदर्शक प्लास्टिकचे साचे, एकामागून एक घालायचे, त्यांनाच ट्रे म्हणतात. २७ ट्रे आणि त्यानंतर परत ११, प्रत्येक ट्रे दोन आठवडे, असं दीड वर्ष काढलंय. दात सरळ झाले. पण ते दुसरे ११ ट्रे माझ्या स्वतःच्या शहाणपणामुळे लागले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी दात हलतो कसा ते समजून घ्या, म्हणजे पुढचे सगळे नियम जाचक वाटणार नाहीत. दात जबड्याच्या हाडात सिमेंट लावून बसवल्यासारखा नसतो, मुळाभोवती बारीक तंतूंचं अस्तर असतं आणि दात त्यात टांगलेला असतो. ट्रे तुमच्या आत्ताच्या दातांच्या मापाचा नसतोच, दात जिथे जायला हवेत त्या दिशेने तो किंचित पुढचा असतो, एका ट्रेमध्ये एका दातासाठी साधारण पाव मिलीमीटर. म्हणून नवा ट्रे घातला की दात आवळल्यासारखे वाटतात. ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड पेशी हळूहळू खातात, ज्या बाजूला ताण येतो तिथे नवीन हाड भरतं, आणि दात सरकतो. तारांमध्येही हेच होतं, फरक एवढाच की तारा तुम्ही काढू शकत नाही.

आणि गोम नेमकी इथेच आहे. दाब सतत राहिला तरच हे काम चालतं. ट्रे डबीत ठेवला की दात निवांत मागे यायला लागतो. डॉक्टर दिवसाचे २० ते २२ तास सांगतात ते म्हणूनच, म्हणजे खाणं आणि दात घासणं एवढ्यापुरताच तो बाहेर. मी सुरुवातीचे दोन-अडीच महिने अगदी शहाण्या मुलीसारखी वागले, मग हळूहळू "आत्ता जेवलेय, जरा वेळाने घालू" सुरू झालं, कुणी गप्पा मारायला आलं की काढ, फोनवर लांब बोलायचंय की काढ, आणि रात्री घालतेय ना म्हणजे झालं असं मनाला सांगत राहिले, एके दिवशी सहज तास मोजले तर जेमतेम १५ भरले. तोवर डावा सुळा मागे पडला होता. आरशात नीट पाहिलं तर सुळ्याचं टोक आणि ट्रे यांच्यामध्ये फट दिसत होती, बाकी दात ट्रेमध्ये चपखल. ही फट दिसली की समजायचं गाडी रुळावरून उतरली. मी तरी तसेच पुढचे ट्रे घालत गेले, म्हटलं पुढचा खेचून घेईल. नाही घेत. पुढचा ट्रे असं धरून चालतो की मागच्याचं काम पूर्ण झालंय. शेवटी परत स्कॅन, परत प्लॅन, परत ११ ट्रे.

त्यामुळे तारा की अलाइनर याचं उत्तर निम्मं तुमच्या दातांवर आहे आणि निम्मं तुमच्या स्वभावावर. दातांचं सांगायचं तर थोडी किंवा मध्यम गर्दी, फटी, पुढचे दात किंचित बाहेर, हे अलाइनरने छान होतं. गोलसर दात जागच्या जागी फिरवायचा असेल (सुळे आणि उपदाढा, ट्रेला पकडच मिळत नाही तिथे), दात हिरडीतून बाहेर ओढायचा असेल किंवा दात काढून मोठी जागा मिटवायची असेल तर तारा जास्त भरवशाच्या. तुमचं वर्णन पहिल्या गटातलं वाटतंय, पण एखादा दात बराच फिरलेला असेल तर डॉक्टरांना मुद्दाम विचारा की नेमका हा दात अलाइनरने कितपत येईल. स्वभावाचं तुमचं तुम्हाला माहीत. चष्मा कुठे ठेवला ते रोज शोधावं लागत असेल तर मी प्रामाणिकपणे तारा सुचवेन.

"कुणाला कळतही नाही" असं जे सांगतात ते अर्धसत्य आहे. ट्रे खरंच दिसत नाही, पण बऱ्याच दातांवर दाताच्याच रंगाच्या कॉम्पोझिटचे छोटे उंचवटे चिकटवतात, त्यांना अटॅचमेंट म्हणतात, ट्रेला दात धरता यावा म्हणून. मला ९ होते. ट्रे काढला की ते जिभेला आणि ओठाला खरखरीत लागतात, आणि जवळून बोलणाऱ्याला दिसतातही. एक जेवताना पडला, मला कळलंही नाही, दोन दिवसांनी जीभ फिरवताना लक्षात आलं. पडला तर लगेच क्लिनिकला कळवा, त्याशिवाय तो दात हवा तसा फिरणार नाही.

अजून एक गोष्ट मला आधी कुणी धड सांगितली नव्हती. गर्दी असेल तर जागा करायला दोन दातांमधून बारीक पट्टी फिरवून थोडं इनॅमल (दातावरचं कडक आवरण) घासतात. दुखत नाही, आवाज मात्र कानात घुमतो. घासतात ते मिलीमीटरच्या अंशात आणि मापून, पण इनॅमल परत येत नाही, त्यामुळे कुठल्या दातांमध्ये आणि किती घासणार हे प्लॅन मंजूर करण्याआधी विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तसाच तो कॉम्प्युटरवरचा व्हिडिओ, ज्यात तुमचे दात अर्ध्या मिनिटात डुलत डुलत सरळ होतात, तो अंदाज असतो, हमी नव्हे. बहुतेकांना शेवटी थोडे जादा ट्रे लागतातच, माझ्यासारखी बनवाबनवी न करताही, म्हणून ते ठरलेल्या पॅकेजमध्ये धरलेत की वेगळे हे आधीच लिहून घ्या.

सुरू करण्याआधी कीड भरून घ्या, दात साफ करून घ्या, हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी त्याचा इलाज, आणि पूर्ण जबड्याचा एक्स-रे झालाच पाहिजे. घरी माप घेऊन पोस्टाने ट्रे मागवायचे असले प्रकार मी तरी करणार नाही. स्माइल डायरेक्ट क्लब ही त्यातली मोठी अमेरिकन कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि ज्यांची ट्रीटमेंट चालू होती ते मध्येच लटकले. कंपनी टिकली तरी हिरडी आणि मुळं तपासायला कुणीतरी तोंडात प्रत्यक्ष बघावंच लागतं.

आता रोजची कटकट.

ट्रे घालताना बोटांनी दाबून बसवायचा, दात आवळून चावून बसवला तर तडा जातो. मग रबरासारखी छोटी नळकांडी मिळतात, च्युई म्हणतात त्यांना, ती एकेका दाताखाली धरत एकूण पाचेक मिनिटं चावायची म्हणजे फट राहत नाही. काढताना मागच्या दाढेपासून, आतल्या बाजूने, आधी एका बाजूचं सोडवायचं मग दुसऱ्या. समोरून ओढलात तर एक दिवस तो मधोमध मोडेल. पहिला आठवडा माझी नखं तुटली आणि रडू यायचं बाकी होतं, मग प्लास्टिकचा छोटा हुक मिळतो हे कळलं. नवा ट्रे नेहमी रात्री झोपताना बदला, सुरुवातीचे सगळ्यात जास्त दुखण्याचे तास झोपेत जातात. दोन-तीन दिवस चावताना दात हुळहुळतात, नंतर विसरायला होतं. बोलताना पहिले काही दिवस 'स' आणि 'च' म्हणताना शीळ वाजते, मोठ्याने वाचायची सवय केली तर लवकर जाते.

ट्रे तोंडात असताना फक्त साधं पाणी. हा नियम सगळ्यात जास्त लोक मोडतात आणि सगळ्यात महाग पडतो. एरवी गोड काही प्यायलं तर लाळ ते धुऊन नेते, पण ट्रेच्या आत लाळ फिरतच नाही, साखर आणि आम्ल दाताला चिकटून तासन्‌तास बसतं, आणि ट्रीटमेंट संपल्यावर सरळ दातांवर पांढरे डाग मिळतात, जे इनॅमलमधलं कॅल्शियम गेल्याचे असतात. चहा-कॉफीने ट्रे पिवळा पडतो ते निराळं, आणि गरम असेल तर तो वाकतोही. खाल्लं की ब्रश करून मगच ट्रे. बाहेर असाल आणि ब्रश नसेल तर निदान खळखळून चूळ भरा, ट्रे धुवा आणि घाला, ब्रश मिळेपर्यंत ट्रे बाहेर ठेवणं हा त्याहून वाईट पर्याय. याचा फायदा म्हणाल तर येता-जाता तोंडात टाकणं बंद होतं, कारण दोन दाण्यांसाठी एवढा सोहळा कोण करणार.

धुणं अगदी सोपं आहे, लोकच ते अवघड करतात. काढला की लगेच गार किंवा जेमतेम कोमट पाण्याखाली धरा, लाळ वाळू देऊ नका, वाळली की तिचाच पांढरा थर बसतो. सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रशने, बिनवासाच्या साध्या साबणाच्या एका थेंबाने घासा, आतूनही. टूथपेस्ट नको, तिच्यातल्या घासणाऱ्या कणांनी बारीक ओरखडे पडतात, ट्रे धुरकट होतो आणि ओरखड्यांत घाण अडकते. रंगीत माउथवॉशमध्ये बुडवू नका. आठवड्यातून दोनदा रिटेनर (ट्रीटमेंट संपल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून घालायचा साचा) साफ करायची गोळी पाण्यात टाकून, पाकिटावर लिहिलेला वेळ पाळून भिजवायचा, आणि तोंडात घालण्याआधी नीट धुवायचा. दोन आठवड्यांनी ट्रे बदलणारच असतो, त्यामुळे याहून जास्त सोवळं पाळायची गरज नाही.

उकळतं पाणी मात्र कधीच नाही. हे ट्रे बनतातच प्लास्टिकची शीट तापवून, दातांच्या थ्रीडी प्रिंट केलेल्या साच्यावर दाबून. उष्णतेने आकार आला, उष्णतेनेच जातो. मी ट्रे नंबर ६ डबीसकट गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवून गेले होते, परत आले तर दिसायला तसाच पण मागच्या दाढांवर बसेना. नशिबाने त्याचे ११ दिवस झाले होते म्हणून डॉक्टरांनी सरळ सातवर जा सांगितलं. पहिल्या-दुसऱ्या दिवशी असं झालं असतं तर पाचवर परत जावं लागलं असतं, म्हणूनच आधीचा ट्रे कधी फेकायचा नाही, निदान लगतचे दोन तरी नंबर टाकून ठेवायचे. टिश्यूमध्ये तर चुकूनही गुंडाळू नका, ताटाबरोबर कचऱ्यात जातो. घरात कुत्रा असेल तर टेबलावरही नको, लाळेचा वास असतो त्याला, कुत्र्यांचा फार जीव असतो या ट्रेवर. डबी खिशात, आणि ट्रे एकतर तोंडात नाहीतर डबीत, तिसरी जागा नाही.

आता राहिला रिटेनर. सगळे ट्रे संपले, उंचवटे काढले, आरशात बघून खूश झाले, आणि डॉक्टर म्हणाले आता रिटेनर, आधी काही महिने जवळजवळ दिवसभर, मग रोज रात्री. किती दिवस, विचारलं. दात सरळ हवेत तोपर्यंत, म्हणाले. मला वाटलं गंमत करतायत. पण हिरडीतले तंतू ताणलेले असतात, त्यांना नव्या जागी रुळायला बरेच महिने लागतात, वर्षभरसुद्धा, आणि ते रुळले तरी खालचे पुढचे दात वयाबरोबर थोडे थोडे पुढे सरकून गर्दी करतातच, ज्यांनी कधी काही केलं नाही त्यांचेही. तुमचा त्रास नेमका तिथलाच आहे, म्हणून दातांच्या मागे बारीक तार कायमची चिकटवायचा पर्याय विचारून ठेवा, फक्त तिच्याखाली फ्लॉस करायला वेगळी सुई लागते.

गंमत म्हणजे हे अलाइनर निघालेच रिटेनरमधून. झिया चिश्ती नावाच्या माणसाने मोठेपणी तारा लावल्या होत्या, त्याच्या लक्षात आलं की रिटेनर घालायचा राहिला की दात सरकतात आणि परत घातला की जागेवर येतात, मग एकाच्या जागी किंचित वेगवेगळे असे पुष्कळ का नकोत? त्यातून १९९७ मध्ये त्याने केल्सी वर्थबरोबर इनव्हिझलाइन या अलाइनरच्या ब्रँडची कंपनी काढली, दोघंही दातांचे डॉक्टर नव्हते. मुळात ट्रेने दात सरकवायची कल्पना केसलिंग नावाच्या अमेरिकन ऑर्थोडोंटिस्टने (दात सरळ करणाऱ्या डॉक्टरने) १९४५ मध्येच मांडली होती, पण तेव्हा प्रत्येक टप्प्याला साच्यातले दात हाताने कापून हलवावे लागायचे, कॉम्प्युटर आल्यावर ते परवडायला लागलं.

माझं चालू आहे ते असं की रात्री ब्रश झाला की रिटेनर. मध्ये एका प्रवासात चार रात्री घरीच विसरला होता, पाचव्या रात्री घातला तर तोच ओळखीचा आवळल्यासारखा ताण, डावा सुळा सगळ्यात आधी.