"मॅडम, माझा रिझ्युमे म्हणजे नुसती धरसोड"

मी समुपदेशक, हे वाक्य हल्ली महिन्यातून दोनदा तरी ऐकते. चाळिशी ओलांडलेली, चांगली कमावती माणसं येतात आणि सगळ्यांचं एकच, सोबतचे कुठल्या कुठे पोचले आणि मी आपली या फांदीवरून त्या फांदीवर. म्हणून ही एक केस लिहितेय, ओळखीच्या खुणा बदलून अर्थातच.

या बाई मूळच्या डेंटिस्ट. साताऱ्याला दवाखाना, अडीच वर्षांत बंद. मग मुंबईत हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन शिकल्या, एका हॉस्पिटलात बिलिंग आणि ऑपरेशन्स, मग टीपीएमध्ये (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) क्लेम तपासणं, 2012 ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात सोलापूर होतं, तिथे योजनेचं काम (हीच पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली), मग एनएबीएचच्या, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाच्या मानांकनाच्या, फायली, 2020 ला कोविड सेंटरचे बेड, आणि आता स्वतःची कन्सल्टन्सी. सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "एका ठिकाणी टिकायलाच पाहिजे होतं मी."

'असं झालंच पाहिजे' या हट्टातून माणूस स्वतःला त्रास करून घेतो असं सांगणाऱ्या अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर मी वाढलेली, त्यामुळे असला 'च' आला की माझे कान उभे राहतात. पण लगेच त्यावर बोट ठेवलं नाही. उलट चूक केली, या सगळ्यात एक सुंदर धागा आहे वगैरे सांगायला गेले. त्या हसल्या. "मॅडम, हे मी इंटरव्ह्यूमध्ये सांगते."

बरोबरच होतं त्यांचं. मग पुढच्या वेळी विचारलं, जेवायचं विसरलात असा कामाचा दिवस सांगा.

त्यांनी एका डिस्चार्जची गोष्ट सांगितली. क्लायंट हॉस्पिटलची तक्रार अशी की सकाळी राउंडला डॉक्टर 'आज घरी' म्हणतात आणि पेशंट संध्याकाळी सातला बाहेर पडतो, सगळे टीपीएला शिव्या घालतात. बाई दिवसभर एका फायलीच्या मागे फिरल्या. डिस्चार्ज समरी दुपारी दीडपर्यंत टाइपच झाली नव्हती कारण ज्युनियर डॉक्टर ओपीडीत, उरलेली औषधं वॉर्डातून फार्मसीला परत जायची म्हणून बिल अडलेलं, आणि फायनल बिल टीपीएकडे गेलं तेच साडेचारला. 2024 पासून विमा कंपनीला डिस्चार्जच्या मंजुरीसाठी तीन तासच मिळतात, पण ते तास तिथून मोजायचे ना!

"हे तुम्हाला पटकन कसं दिसलं?"

"त्यात काय, मी यातल्या प्रत्येक खुर्चीवर बसलेय."

आणि एकदम गप्प झाल्या. डोळे भरले. मला वाटलं उमगलं यांना. पण नाही, खुर्ची शब्दाने त्यांना वडिलांनी लोन काढून घेऊन दिलेली दवाखान्यातली डेंटलची खुर्ची आठवली होती. ती सोडून आल्याचं ओझं पुढच्या प्रत्येक राजीनाम्यावर चढत गेलं होतं. बावीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये एवढं शिकलेय, आणि याचा थोडा अभिमानही आहे, की अशा वेळी आपण तोंड बंद ठेवायचं. ठेवलं.

तुमचंही असंच असेल तर माझं ऐका. प्रत्येक बदलापुढे प्रामाणिकपणे लिहा, कशाला कंटाळून निघालो की कशाच्या ओढीने गेलो. या बाईंचा टीपीएचा राजीनामा निव्वळ साहेबावरच्या रागाने होता, तो रागानेच होता असं मान्य करायचं, त्याला मुलामा द्यायचा नाही. दुसरं, जुनी कौशल्यं मोजत बसू नका, आज कोण तुम्हाला कशासाठी फोन करतं ते बघा. आणि 'टिकायला हवं होतं' म्हणणं वेगळं, 'टिकायलाच हवं होतं' वेगळं. पहिल्यात हळहळ आहे, ती राहू दे, दुसऱ्यात शिक्षा आहे आणि ती आपणच आपल्याला देत असतो. अर्थात बदल दर आठ महिन्यांनी आणि दर वेळी भांडूनच होत असेल तर मात्र वेगळं बोलायला लागेल, तेव्हा मी इतकी गोड बोलत नाही.

जाताना सहज विचारलं, त्या खुर्चीचं पुढे काय झालं? त्यांना माहीतच नव्हतं, इतक्या वर्षांत विषयच काढला नव्हता घरी. त्या रविवारी वडिलांना फोन केला.

"अगं, ती तर तू मुंबईला गेलीस त्याच महिन्यात कोरेगावच्या एका पोराला विकली," वडील म्हणाले, "लोनही फिटलं. तू कधी विचारलंच नाहीस."