सड्यावरचा विमान क्लब

प्रश्न : आम्ही पाच-सहा जण रविवारी डिचोलीजवळच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, रिमोटची विमानं उडवतो. आता शाळकरी मुलंही येऊ लागली आहेत. रीतसर क्लब काढायचा तर सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : मुलं येतात हे वाचून फार बरं वाटलं. आधी जागामालकाची, जमीन कोमुनिदादची (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेची) असेल तर तिची, लेखी परवानगी घ्या. मग डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघा. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, त्यामुळे जागा ग्रीन झोनमध्ये, म्हणजे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही अशा भागात, हवीच. तिथेही १२० मीटरच्या वर जायचं नाही. विमानतळाजवळ मर्यादा त्याहून कमी. संस्था नोंदणी १८६० च्या कायद्याखाली होते, सात सभासद लागतात.

माझा खरा जीव अडकतो तो मैदानावरच्या शिस्तीत. फक्कीने एक रेघ आखा. पायलट रेघेवर ओळीने, बघे त्यांच्या बरेच मागे, विमान कायम पुढच्या बाजूला. उतरवताना ‘लँडिंग’ असं मोठ्याने ओरडायचं. उडवण्याआधी प्रत्येकाचं फेलसेफ, म्हणजे रिमोटचा संपर्क तुटला तर मोटर आपोआप थांबवणारी सोय, तपासा: प्रोपेलर काढायचा, थ्रॉटल (मोटरचा वेग ठरवणारी दांडी) थोडा वर न्यायचा आणि ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, बंद करायचा. मोटर थांबली पाहिजे. फिरत राहिली तर त्या दिवशी ते विमान जमिनीवरच, मालक कितीही ज्येष्ठ असो.

फुगलेली लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी मुलांच्या हाती देऊ नका. आणि नवशिक्यांना सकाळीच बोलवा. दुपारनंतर समुद्राकडचा वारा हलक्या फोमच्या विमानाला सहज सड्याच्या कडेपलीकडे नेतो, मग काजूच्या झाडांत शोधत फिरावं लागतं.