रशिया आणि चीन एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत, तर मग गॅसचा व्यवहार कसा जमतो?

गरजेपोटी. आणि गरज रशियाची जास्त आहे. युक्रेनचा क्रिमिया रशियाने ताब्यात घेतला, त्यावरून युरोपशी बिनसलं, त्याच सुमारास, मे 2014 मध्ये चीनशी 30 वर्षांचा करार झाला: वर्षाला 38 अब्ज घनमीटर गॅस. हा गॅस चीनला नेणारी 'पॉवर ऑफ सायबेरिया' पाइपलाइन डिसेंबर 2019 मध्ये सुरू झाली.

आमच्या गुहागर तालुक्यात राहणाऱ्याला यातली मेख चटकन कळेल. दाभोळच्या टर्मिनलवर गॅस जहाजाने येतो. लाटा अडवणारा बांध अपुरा, म्हणून कित्येक वर्षं पावसाळ्यात तिथे जहाज लागतच नव्हतं. पण जहाज दुसऱ्या बंदराला नेता येतं, पाइपलाइन कुठे नेणार? एकदा टाकली की विकणारा एकाच गिऱ्हाइकाच्या दाराशी बांधला जातो. (भाव कोण पाडून मागणार, हे आंबेवाल्यांना सांगायला नको.)

चीनने मात्र दुसरी दारं उघडी ठेवली आहेत. मध्य आशियातल्या तुर्कमेनिस्तानचा गॅस पूर्वी मुख्यतः रशियामार्गे बाहेर पडायचा. 2009 पासून तो थेट चीनला जातो. म्हणजे मध्य आशियात चढाओढ आहेच. रशियाहून मंगोलियामार्गे चीनला जाणाऱ्या पुढच्या पाइपलाइनची बोलणी भावावरून वर्षानुवर्षं रेंगाळली, ती चीनच्या या दुसऱ्या दारांमुळेच.