हात घालायचा की सेटरला बोलवायचं?

पोरी,

प्रेसवरच्या कामगारांना सुरक्षा शिकवायला तू जो खेळ करतेयस, त्याचा आराखडा वाचला. चित्रं देखणी आहेत. हेल्मेटवाला हिरो, लेव्हल, बॅज, पॉइंट, शेवटी कंपनीच्या लोगोवर फटाके. एचआरला लीडरबोर्ड हवाय, सेफ्टी ऑफिसरला झाडून सगळे नियम त्यात बसवून हवेत, प्लांट हेडला महिनाअखेर डेमो हवाय आणि तुला झोप लागत नाही. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये करू की साधं मोबाइलवर, असं विचारतेस. त्यातलं मला कळत नाही, आणि त्यावाचून फार अडतं असंही नाही. मी तुझ्या पानापानांत एकच गोष्ट शोधत होतो, ती सापडली नाही. तुझ्या खेळात कामगार निर्णय कुठला घेतो?

‘हेल्मेट घालावे का? हो किंवा नाही’ याला निर्णय म्हणू नकोस. याचं उत्तर वाळूज एमआयडीसीतल्या प्रत्येक प्रेस शॉपमधल्या, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढतात तिथल्या, पोराला पाठ आहे. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ तो सगळ्यांसोबत मोठ्यानं घेतो, घोषवाक्य स्पर्धेत स्टीलचा डबा जिंकतो, आणि दुपारच्या पाळीत जुन्या प्रेसवर, हात आत राहू नयेत म्हणून दोन हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक चिकटपट्टीनं दाबून ठेवतो. नियम माहीत नाही म्हणून करतो का? माहीत असलेलंच त्याला पुन्हा विचारशील तर ती परीक्षा झाली, रंगीत असली तरी.

निर्णय कसा असतो ते बघ. पाळीचा शेवटचा तास. पाळीत काढायच्या नगांचा आकडा मागे पडलाय. पार्ट डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, तिरका अडकला. नियमाप्रमाणे प्रेस बंद करायची, मेन स्विचला कुलूप आणि टॅग लावायचा, फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचं जड चाक, पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं (मोटर बंद केली तरी ते बराच वेळ फिरत राहतं, हे नव्या पोरांना कुणी सांगत नाही), वरचा भाग खाली येऊ नये म्हणून सेफ्टी ब्लॉकचा ठोकळा लावायचा आणि सेटरला, म्हणजे डाय बसवणाऱ्या माणसाला, बोलवायचं. सेटर दुसऱ्या लाइनवर डाय बदलतोय. सुपरवायझर तोंडानं ‘सेफ्टी फर्स्ट’ म्हणतो आणि नजरेनं बोर्डावरचा आकडा दाखवतो. गेटवर माल न्यायला रांजणगावची गाडी उभी. आता त्या पोरानं काय करायचं? थांबायचं, चिमट्यानं ओढून बघायचं, की पटकन हात घालायचा? तुझा खेळ इथून सुरू व्हायला हवा. त्याच्या आधीची तुझी सगळी पानं बाजूला ठेव. राग आला तर येऊ दे.

तू सापशिडीचं लेव्हल टाकलंयस. नियम पाळला की शिडी, मोडला की साप. सापशिडी म्हणजे आपला मोक्षपट, परंपरेनं तो ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जातो. म्हणजे तुझ्यामाझ्या मराठवाड्यातला, पैठणजवळच्या आपेगावचा. शिकवण्यासाठीच केलेला खेळ आहे तो, सद्गुणांच्या घरात शिड्या आणि दुर्गुणांच्या घरात साप. पण त्यात खेळणारा काहीच ठरवत नाही. कवड्या पडतील तसं पुढं जायचं. मोक्षाच्या वाटेवर ते शोभतं. प्रेस शॉपमध्ये तोच खेळ ठेवलास तर पोरं एवढंच शिकतील की बोट जाणं नशिबात असतं. ते तर आधीपासून मानतातच, तुझ्या गेमची गरज काय?

फासा ठेवायचा असेल तर ठेव. फक्त तो टाकायची वेळ येऊ द्यायची की नाही, ते खेळणाऱ्याच्या हातात दे. हात घातला की फासे टाकायचे, सेटरला बोलावलं की वेळ आणि आकडा गमवायचा. आणि इथं प्रामाणिक राहा. हात घातला की लगेच अपघात, असं दाखवू नकोस. मी तसले व्हिडिओ दाखवलेल्या हॉलमध्ये मागच्या बाकावर बसलोय. पडद्यावर रक्त दिसलं की हेल्पर पोरगा शेजाऱ्याला कोपरखळी मारतो, “असं कुठं होतंय? म्या तर रोजच घालायलो हात.” तो खोटं बोलत नाही. बहुतेक वेळा खरंच काही होत नाही, म्हणून तर सवय लागते. तुझ्या खेळातही बहुतेक वेळा काही होऊ नये. एक पाळी खेळवू नकोस, पाळीमागून पाळी खेळव. हात घालणारा आधी पुढं जाऊ दे, त्याचा आकडा भरू दे, बाकीचे त्याच्याकडे बघून हात घालू लागू देत. मग केव्हातरी फासे वाईट पडतात. त्या क्षणी टेबलावर जी शांतता पसरते, ती तुझ्या फटाक्यांनी येणार नाही.

आणि निर्णय एकच ठेव. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६० च्या सुमारास प्राध्यापक जे फॉरेस्टर यांच्या गटानं बिअरच्या पुरवठ्यावरचा ‘बिअर गेम’ तयार केला, तो आजही मॅनेजमेंटच्या वर्गांत खेळवतात. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना अशा चार जागा, एक पट, थोड्या चकत्या. दर फेरीला प्रत्येकानं ठरवायचं ते एवढंच, किती पेट्या मागवायच्या. तेवढ्यावर माल तुंबतो, तुटवडा पडतो, चारही जण एकमेकांना शिव्या घालतात, आणि खेळ संपल्यावर कळतं की गिऱ्हाइकाची मागणी सुरुवातीला एकदाच वाढली होती, बाकी सगळा गोंधळ आपणच घातला. तुला सतरा निर्णय कशाला हवेत?

लीडरबोर्ड काढून टाक. शॉपमध्ये आकड्यांचा बोर्ड आधीच आहे आणि हात घालायला तोच लावतो. मोबाइलचंही तेच. फोन लॉकरमध्ये ठेवून आत जाणाऱ्या माणसासाठी तू अॅप बनवतेयस. पुठ्ठा घे, कार्डं काप, मराठी आणि हिंदीत चार-चार शब्द लिही, वाचून दाखवायला एक जण बसव. मग बाजूला उभी राहा आणि तोंड उघडू नकोस. नियम समजावून सांगावासा वाटला की समज, कार्ड चुकलंय.

मला हट्टी म्हणतात. एका कंपनीत माझा पुठ्ठ्यावरचा खेळ बंद केला, कारण काही फेऱ्या झाल्या की सगळ्यांना दिसायचं की आपल्याकडे सेटरच कमी आहेत. मला सांगितलं, सेटरचं कार्ड काढा, बाकी खेळ छान आहे. मी काढलं नाही. मग टॅबलेटवरचं प्रश्नमंजुषेसारखं काहीतरी आलं आणि माझं कपाट दुसऱ्याला गेलं. जरा नमतं घेतलं असतं तर तुमचा खेळ चालू राहिला असता, असं तुझी काकू अजून म्हणते. राहिला असता. पण कामगाराला खरा पर्यायच नसेल तर त्यानं निर्णय कसला घ्यायचा? हे तेव्हा मीटिंगमध्ये मला नीट मांडता आलं नाही, म्हणून तुझ्यापुढे मांडतोय. कंटाळलीस तर चहा घेऊन ये.

म्हणूनच सुपरवायझरला खेळाला बसव. ऑपरेटरच्या जागेवर, आकडा मागे असताना. तो नाही म्हणाला तर डेमो पुढं ढकल. खेळ संपला की लगेच उठू देऊ नकोस. तू हात का घातलास, तू का थांबलास, असं एकेकाला विचार. शिकणं त्या गप्पांत होतं. कार्डं हे निमित्त. या गप्पांना वेळ मिळणार नसेल तर खेळ छोटा कर, गप्पा कापू नकोस.

एक गोष्ट राहून गेली त्याचं वाईट वाटतं. आमच्याकडे असे ऑपरेटर होते की प्रेसच्या आवाजावरून सांगायचे, डाय सैल झालीय, थांबव. कुठल्या आवाजाला थांबायचं आणि कुठल्याला चालू द्यायचं, हे कुठल्याच एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी नियमांत, नव्हतं. ते निवृत्त होऊन गंगापूर-वैजापूरकडे शेतावर गेले, काही राहिलेही नाहीत. मी कुणाशी बसून लिहून घेतलं नाही. तुझ्या प्लांटमध्ये असा कुणी असेल तर आधी त्याच्याकडे जा, प्लांट हेडकडे नंतर. वही ने, लॅपटॉप नको. “तुम्ही मशीन कधी थांबवता?” एवढंच विचार आणि तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरव. तुझी अर्धी कार्डं तिथंच तयार होतील.

आणि डेमोच्या आधी एक चौकशी करून मला कळव. रात्रपाळीला तुमच्याकडे सेटर असतो का? नसेल, तर ‘सेटरला बोलवा’ हे कार्ड पेटीत ठेवणार आहेस की नाही, तेही लिही.

तुझा,
काका