जन्मदाखल्यावर नाव नसलेली आई

प्रश्न : मी व माझी जोडीदार अशा आम्ही दोघी गेली नऊ वर्षे एकत्र राहत आहोत. आम्ही दोघीही हिंदू आहोत. २०२२ च्या अखेरीस नोंदणीकृत केंद्रात, अनामिक दात्याच्या शुक्राणूंच्या साहाय्याने तिला गर्भधारणा झाली. मुलगी आता बालवाडीत जाते. जन्मदाखल्यावर केवळ जोडीदाराचे नाव आहे. मध्यंतरी मुलीला रुग्णालयात दाखल करावे लागले, तेव्हा माझी सही चालली नाही. जोडीदाराचा भाऊ म्हणतो की, आई आणि बाप दोघेही मिळणे हा मुलाचा हक्क आहे आणि बहिणीला काही झाले तर भाचीला तो घेऊन जाईल. एका परिचिताने नोटरीकडून दत्तकपत्र करून घ्या, असे सुचवले आहे. माझा कायदेशीर हक्क काय आहे?

उत्तर : आधी कटू भाग सांगतो. आजच्या भारतीय कायद्यात तुम्ही या मुलीच्या दृष्टीने तिऱ्हाईत आहात. तिला पहिल्या दिवसापासून तुम्ही वाढवले, या वस्तुस्थितीने आपोआप पालकत्व मिळत नाही. त्यामुळे ‘माझा हक्क काय’ या प्रश्नाचे उत्तर फार तोकडे आहे. ‘या मुलीचा हक्क काय’ असे विचारले, तर मात्र कायद्यात बोलण्यासारखे बरेच काही आहे, आणि तुमची कागदपत्रे याच दुसऱ्या प्रश्नाभोवती तयार व्हावीत, असे माझे मत आहे.

समलिंगी संबंध हा गुन्हा राहिलेला नाही, हे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नवतेजसिंग जोहर प्रकरणात ठरले. परंतु त्याच न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो प्रकरणातील निकालाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, आणि दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन असलेल्या जोडप्यालाच संयुक्तपणे दत्तक देता येईल हा २०२२ च्या दत्तक विनियमांतील नियमही तीन विरुद्ध दोन अशा मतांनी टिकला. अविवाहित जोडपी चांगले पालक होऊ शकत नाहीत, असे बहुमताने म्हटलेले नाही, हे मामांच्या कानावर घालण्यासारखे आहे. तशा घरांतील मुलांना लाभांपासून वंचित राहावे लागू नये, याची काळजी शासनाने घ्यावी, असेच त्या निकालपत्राचे म्हणणे आहे. पुनर्विलोकन अर्ज जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले. तेव्हा न्यायालयाकडून नजीकच्या काळात मोठ्या बदलाची आशा धरून थांबू नका.

मामांचा युक्तिवाद मी हसण्यावारी नेणार नाही. सुप्रियो प्रकरणात बालहक्क आयोगांचेच एकमत नव्हते : राष्ट्रीय आयोगाने समलिंगी जोडप्यांना दत्तक देण्यास विरोध केला, तर दिल्लीच्या आयोगाने पाठिंबा दिला. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या सातव्या अनुच्छेदात, शक्य तितके आपले आईवडील जाणून घेण्याचा व त्यांच्याकडून सांभाळले जाण्याचा हक्क मुलाला दिलेला आहे, आणि दाता अनामिक असला की या हक्काला काही प्रमाणात बाध येतो, हे मान्य करावे लागते. पण ही अडचण दात्याची आहे, दोन स्त्रियांची नव्हे. त्याच केंद्रात, त्याच पद्धतीने एखाद्या विवाहित जोडप्याला मूल झाले असते, तर २०२१ च्या सहाय्यक जननतंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ३१ ने ते मूल त्या दोघांचेच जैविक अपत्य मानले असते, पतीचा अंश त्यात नसला तरीही. म्हणजे विवाहितांच्या बाबतीत रक्ताची अट कायद्याने स्वतःहून सोडली आहे. तुमच्या मुलीला मात्र एकच पालक मिळतो. दोन मुलांत असा भेद त्यांच्या पालकांच्या दर्जावरून व्हावा का, हा प्रश्न त्याच संहितेच्या दुसऱ्या अनुच्छेदाने विचारता येतो, कारण पालकांच्या दर्जामुळे मुलाशी भेदभाव करण्यास तो मनाई करतो. कलम ३१ चा तुम्हाला थेट उपयोग एवढाच की, दात्याचे सर्व पालकत्वाचे हक्क त्याने संपवले आहेत, त्यामुळे उद्या कोणी ‘बाप’ म्हणून उभा राहू शकत नाही.

दत्तकपत्राच्या फंदात कृपा करून पडू नका. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमानुसार एकच मूल एकाच वेळी दोन व्यक्तींना दत्तक घेता येत नाही, आणि दत्तक दिलेल्या मुलाचे जन्मदात्या कुटुंबाशी असलेले कायदेशीर नाते तुटते. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या मुलाला दत्तक घेण्याची सावत्र पालकाला मिळणारी सवलत विवाहावर आधारलेली असल्याने तुम्हाला लागू होत नाही. परिणामी, तुम्हाला आई करण्याच्या भरात तुमच्या जोडीदाराचे मातृत्व कायद्याच्या दृष्टीने पुसले जाईल.

न्यायालयाकडून आताच पालक म्हणून नेमणूक मिळवावी, तर पालक व पाल्य अधिनियम १८९० चे कलम १९ आडवे येते : आई हयात असून अपात्र नसेल, तर अन्य व्यक्तीला मुलाच्या शरीराचा (म्हणजे सांभाळाचा) पालक नेमता येत नाही. म्हणून जोडीदाराच्या हयातीत एकच साधा मार्ग उरतो. तिने शाळा, डॉक्टर आणि प्रवास यांसाठी तुमच्या नावे स्पष्ट लेखी अधिकारपत्र द्यावे, शाळेच्या नोंदीत तुमचे नाव ‘अधिकृत व्यक्ती’ म्हणून लावावे, आणि रुग्णालयाच्या कागदांवर आधीच नोंद करून ठेवावी. हे अधिकारपत्र केव्हाही मागे घेता येते, आणि देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते, हे विसरू नका.

खरा गुंता त्या मृत्यूनंतरचा आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ च्या कलम ९(४) नुसार, ‘अनौरस’ अज्ञान (अल्पवयीन) मुलांची नैसर्गिक पालक असलेली आई मृत्युपत्राने पालक नेमू शकते. हा शब्द मुलीला लावताना मलाही खटकतो; पण १९५६ चा कायदा त्याच शब्दात बोलतो आणि येथे तो तुमच्या बाजूने आहे. जोडीदाराने दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करावे, तुम्हाला पालक नेमावे, आणि कारणेही लिहावीत : मूल कोणाच्या निर्णयाने जन्मले, रात्री तिच्यासाठी कोण जागते, भाऊ किती वेळा भेटतो. नोंदणी सक्तीची नाही, तरी करावी. मामा तरीही कुटुंब न्यायालयात येऊ शकतात, कारण त्याच कायद्याच्या कलम १३ नुसार मुलाचे हित सर्वोपरि आहे. मात्र १८९० च्या कायद्याचे कलम १७ दिवंगत पालकाची इच्छा आणि समज आली असल्यास मुलाचे मत विचारात घ्यायला सांगते. २००८ च्या निलरतन कुंडू प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाने वडिलांचा ताब्याचा अर्ज फेटाळून मुलाला आजी-आजोबांकडे राहू दिले होते. म्हणजे नाते जवळचे आहे एवढ्यावर ताबा मिळत नाही. दीपिका सिंग प्रकरणात (२०२२) समलिंगी जोडप्यांसह वेगळ्या घडणीची कुटुंबेही कायद्याच्या संरक्षणास पात्र आहेत, असे त्याच न्यायालयाने म्हटले. तेव्हा शाळेच्या पालकसभेतील सह्या, लसीकरणाच्या नोंदी, खर्चाच्या पावत्या आजपासून एका फायलीत ठेवा.

मालमत्तेबाबत थोडक्यात : तुमच्या पश्चात तुमची मालमत्ता वारसाहक्काने या मुलीकडे जाणार नाही, ती तुमच्या माहेरच्यांकडे जाईल. बँकेत तिचे नामनिर्देशन केले म्हणजे झाले, असा समज चुकीचा आहे. नामनिर्देशित व्यक्ती ही रक्कम वारसांसाठी स्वीकारणारी असते. यासाठी तुमचे स्वतंत्र मृत्युपत्र हवे.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट उरते. तुम्हा दोघींत बेबनाव झाला, तर जोडीदार मुलीला भेटूही देणार नाही, आणि तेव्हा तुमच्या हातात फारसे काही नसेल. नाते गोड असतानाच दोघींनी मुलीच्या भेटी, खर्च व शिक्षण यांविषयी लेखी करार करावा. तो न्यायालयावर बंधनकारक नसला तरी मुलीचे तुमच्याशी असलेले नाते जोडीदारानेच स्वतःच्या सहीने मान्य केले होते, हा पुरावा म्हणून तो उभा राहतो. मसुदा करताना दोघींनी वेगवेगळे वकील घ्यावेत, म्हणजे पुढे दबावाखाली सही केली, असे कोणाला म्हणता येणार नाही.