पुढे असलेला हरला कसा?

प्रश्न : माझा नातू मेलबर्नला असतो. मे २०२५ मध्ये त्याने तिथे पहिल्यांदाच मत दिलं. ग्रीन्स पक्षाचे ॲडम बँट हा त्याचा पहिला नंबर. पहिल्या पसंतीच्या मतांत बँट सगळ्यांच्या पुढे होते, पण निवडून आल्या लेबर पक्षाच्या सेरा विटी. मी म्हटलं, घोटाळाच आहे हा, पुन्हा मोजायला लावा. तर म्हणतो, "आजी, तू डेलुलू आहेस." वर पावात घातलेल्या सॉसेजचा फोटो पाठवला. ही मुलं बोलतात तरी काय? आणि पुढे असलेला माणूस हरतो कसा?
— एक आजी, नाशिक

उत्तर : ताई, नातवावर रागावू नका. मनात मांडे खाणाऱ्याला ही मुलं डेलुलू म्हणतात. कोरियन पॉपच्या चाहत्यांकडून ते जगभर पसरलं. मार्च २०२५ मध्ये तर ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अँथनी अल्बानीझ भर संसदेत विरोधकांना ‘डेलुलू विथ नो सोलुलू’ (नुसती स्वप्नं, उपाय काही नाही) म्हणाले. एका पॉडकास्टवाल्यांनी त्यांना तसं बोलून दाखवायचं आव्हान दिलं होतं. सासऱ्याने जावयाची फाटकी जीन्स घालावी तसं वाटलं मला ते, पण असो. सॉसेजचं म्हणाल, तर तिथे मतदान शनिवारी, बहुतेक शाळांमध्ये असतं. बाहेर पालक सॉसेज भाजून विकतात, पैसे शाळेला जातात. मत दिलं की त्या ‘डेमोक्रसी सॉसेज’चा फोटो टाकायचा, अशी रीतच पडली आहे.

आता तुमचा घोटाळा. तिथे मतदार सगळ्या उमेदवारांना पसंतीप्रमाणे १, २, ३ असे नंबर देतो. बँट यांना पहिल्या पसंतीची मतं मिळाली चाळीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे साठ टक्के लोकांचा पहिला नंबर दुसऱ्याच कोणाला होता. निम्म्याहून जास्त मतं कोणालाच नाहीत, म्हणून तळाचा उमेदवार बाद करायचा आणि त्याच्या मतपत्रिकांवर पुढचा नंबर ज्याला असेल त्याच्या गठ्ठ्यात त्या टाकायच्या. असं दोघे उरेपर्यंत. लिबरल पक्षाच्या मतदारांनी ग्रीन्सपेक्षा लेबरला वरचा नंबर दिलेला होता, तिथे विटी पुढे गेल्या. तुमच्या नातवाची मतपत्रिका मात्र शेवटपर्यंत बँट यांच्याच गठ्ठ्यात राहिली, कारण ते अखेरच्या दोघांत होते. मला यात अन्याय दिसत नाही. चाळीस टक्क्यांवर निवडून येऊन उरलेल्या साठांच्या उरावर बसण्यापेक्षा हे बरं.

आणि ही पद्धत परकीही नाही. १९६९ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक आठवते? आपले चिंतामणराव देशमुख तिसरे आले होते, १,१२,७६९ मतमूल्य (खासदार-आमदारांच्या मतांचं वजन धरून येणारी बेरीज) घेऊन. व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५ वर, नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८ वर आणि कोटा, म्हणजे जिंकायला लागणारा आकडा, ४,१८,१६९ चा. देशमुख आणि इतर बाद झालेल्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती बहुतांश रेड्डींना होती. ते ४,०५,४२७ पर्यंत चढले, गिरी ४,२०,०७७ वर निसटते जिंकले. त्यातली थोडी मतं इकडची तिकडे झाली असती, तर तुमच्या मेलबर्नचा खेळ दिल्लीत झाला असता.

विधान परिषदेच्या तुमच्या नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघातही असेच आकडे घालतात. फरक एवढाच की आपल्याकडे फक्त १ लिहिला तरी चालतं, तिथे सगळ्या चौकटी भराव्याच लागतात. त्या सक्तीला कंटाळून काहीजण वरून खाली सरळ १, २, ३ लिहीत सुटतात. त्याला तिकडे ‘डाँकी व्होट’ म्हणतात. आपल्याकडचं दुखणं वेगळंच. १ लिहून निघून जाणारे पदवीधर मी दरवेळी पाहतो. त्यांचा उमेदवार बाद झाला की त्यांचं मत तिथेच संपतं. बरोबरची खूण करून पत्रिकाच बाद करून घेणारे महाभाग निराळे.

तुम्ही पदवीधर असाल, तर पदवीधरांच्या मतदार यादीसाठी प्रत्येक निवडणुकीआधी नमुना १८ हा अर्ज नव्याने भरावा लागतो, जुनी नोंदणी चालत नाही. आणि केंद्रात मिळणारा जांभळा स्केच पेनच वापरा, पर्समधलं पेन काढू नका.