मोठी झाडं राखून खालची झाडी काढली, तर रानाचा गारवा टिकतो का?

तुमचं लांज्याकडचं तीन एकर रान. ठेकेदार म्हणतोय, पश्चिमेच्या कडेची ऐन-किंजळाची झाडं तेवढी तोडून नेतो, आतली मोठी झाडं राखतो आणि खालचं सगळं ग्रासकटरने साफ करून देतो. मग तिथे मिरी-जायफळ लावायची. गारवा राहील का, हा तुमचा प्रश्न.

थोडा राहील. पण 'गारवा' म्हणताना आपण ऊन आणि ओल एकत्र धरतो. ऊन अडवतात वरचे शेंडे. ओल धरतात दिंड्यासारखी झुडपं, करवंदीच्या जाळ्या, वेली आणि पातेरा, म्हणजे खाली पडलेला वाळका पाला. ठेकेदार नेमकं तेच फुकट काढून देतोय!

जंगल किती थंड ठेवतं याचा आकडा आहे. पाच खंडांतल्या ९८ ठिकाणांची मोजमापं एकत्र करून २०१९ साली एक अभ्यास आला. झाडांखालचं दुपारचं कमाल तापमान उघड्या जागेपेक्षा सरासरी ४ अंशांनी कमी, आणि रात्रीचं किमान साधारण १ अंशाने जास्त. झाडी रात्री गोधडीसारखी असते. महाबळेश्वरला दव गोठल्याच्या बातम्या येतात त्या वेण्णा तलावाजवळच्या उघड्या जागेच्या, त्यामागे हेही एक कारण.

चार अंश किरकोळ वाटतील, म्हणून हिशेब करून बघा. ३१ अंशाला ७० टक्के आर्द्रता असलेली हवा ३५ पर्यंत तापली, तर त्यातली वाफ तेवढीच राहूनही आर्द्रता ५६ टक्क्यांवर येते. हवेची तहान, म्हणजे ओल ओढून घेण्याची ताकद, पावणेदोन पटीहून थोडी जास्तच होते. जायफळाचं कोवळं रोप एप्रिलात सुकवायला एवढी हवा पुरते.

आता कडेचं. ब्राझीलमध्ये मनौसजवळ १९७९ पासून जंगलाच्या तुकड्यांचा अभ्यास चालू आहे. तिथे नव्याने तोडलेल्या कडेची गरम, कोरडी हवा ६० मीटर आतपर्यंत सापडली. अमेरिकेच्या वायव्येकडच्या जुन्या सूचिपर्णी जंगलात काही बाबतींत २४० मीटरच्याही पुढे. तुमचं तीन एकर चौरस धरलं तर एक बाजू ११० मीटर. मधोमध उभे राहिलात तरी कड ५५ मीटरवर! म्हणजे तुमच्या रानाला 'आतला भाग' असा फारसा नाहीच, आणि दुपारचं तिरपं ऊन व समुद्राकडचा वारा दोन्ही पश्चिमेकडूनच येतात. मनौसलाही पुढे कडेला झुडपं-वेली माजून भिंत तयार झाल्यावर आतला कोरडेपणा थोडा कमी झाला. तुमची ती भिंत आयती उभी आहे.

आमच्याकडे हीच चूक झाली. मोठं झाड एकही तोडलं नव्हतं, नुसती बेणणी, म्हणजे खालच्या झाडीची साफसफाई, केली होती. रान बागेसारखं दिसायला लागलं, पाहुण्यांनी कौतुकही केलं. मार्चमध्ये पातेरा वाऱ्याने उडून बांधाला लागला, जमीन उघडी पडली, मिरीचे वेल मलूल. पावसाळ्यानंतर मोकळ्या जागेत रानमोडीचं तण आलं, ते अजून उपटतोय.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. तोडीनंतर पऱ्याला (ओढ्याला) पाणी वाढलं असं कोणी सांगितलं तर लगेच हसू नका. झाडं कमी झाली की खालून ओढलं जाणारं पाणी वाचतं, त्यामुळे पहिली काही वर्षं खोलवरची ओल खरंच वाढू शकते. सुकतो तो वरचा चार बोटांचा थर, आणि नवी रोपं जगतात त्याच थरावर.

पैशाची गरज असेल तर आतून एकेक झाड निवडून घ्या, दोन शेजारची एकदम नकोत. पश्चिमेची १५-२० मीटर पट्टी जाळ्यांसकट तशीच ठेवा. साफसफाई फक्त रोपाभोवती हातभर, तीही पावसाळ्यात. कापलेलं तिथेच आळ्यात पसरा, जाळू नका. आणि रान खासगी असलं तरी महाराष्ट्राच्या १९६४ च्या झाडतोड कायद्याने ऐन-किंजळ तोडायला परवानगी लागते. ती आधी तुमच्या हातात घ्या, ठेकेदाराच्या शब्दावर जाऊ नका.

सौदा करण्याआधी एवढं करा. दोन साधे थर्मामीटर घ्या, एक रानात आणि एक बाहेर उघड्यावर, दोन्ही गुडघाभर उंचीवर, थेट ऊन लागणार नाही असे टांगा. आठवडाभर दुपारी तीनला वाचा आणि आकडे इथे टाका, मग कुठलं झाड घ्यायचं ते बोलू.